दगड कोणी लावले?

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशर नावाचा मोठा प्रांत आहे. त्याच्या ईशान्येकडील डोंगराळ मुलखात, गोथलंड या गावापासून जवळच, व्हीलडेल नावाचा एक उजाड माळ आहे. झाड जवळजवळ नाही. गुडघ्याएवढी खुरटी झुडपे, पायाखाली काळी दलदलीची माती, आणि वर सतत वाहणारा गार वारा. अशा या माळावर दगडांचा एक पट्टा उघडा पडलेला आहे. रुंदी सुमारे १६ फूट, लांबी मैलाच्या थोडी वर. खडबडीत, ओबडधोबड दगड एकाला एक लागून बसवलेले आहेत, मधूनमधून पाणी वाहून जाण्यासाठी आडव्या मोऱ्या काढल्या आहेत. हा पट्टा सरकारने संरक्षित स्मारक म्हणून जपलेला आहे आणि नकाशावर त्याचे नाव आहे ‘व्हीलडेल रोमन रस्ता’. मात्र ज्या संस्थेच्या यादीत हे नाव आहे तीच संस्था लोकांना सांगते की, रस्ता बहुधा रोमन असावा, पण त्याच्या आधीचा किंवा नंतरचाही असू शकेल.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळजण विचारतील की, यॉर्कशरच्या माळावरचे दगड रोमन असोत की आणखी कोणाचे, त्याच्याशी आपल्या बेटावरच्या मराठी घरांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे असे आम्हाला वाटते. तो कसा, हे सांगण्यापूर्वी त्या रस्त्याची हकीकत थोडी विस्ताराने द्यावी लागेल.

राक्षसाचा रस्ता

त्या भागातील शेतकरी व मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या या पट्ट्याला ‘वेडचा बांध’ म्हणत आले. वेड हा त्यांच्या लोककथेतला एक राक्षस. त्याच्या बायकोचे नाव बेल. ती आपली गाय दूर माळावर चरायला ठेवी आणि धार काढायला तिला रोज तिथपर्यंत जावे लागे. बायकोचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून वेडने दगडांची वाट घातली. बेल आपल्या ओच्यात दगड भरून आणी. कधी ओचा फाटला आणि दगड जिथे पडले तिथे राशी झाल्या, त्या अजून दिसतात, असे म्हातारी माणसे सांगत. आपल्या भीमाच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या माणसाला ही कथा परकी वाटणार नाही.

पुढे शिकलेली माणसे आली. यॉर्क शहरातील शल्यविशारद आणि इतिहासकार फ्रान्सिस ड्रेक यांनी १७३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या वाटेचे वर्णन रोमन रस्ता म्हणून केले. तेव्हापासून राक्षस मागे पडला व रोमन सैनिक पुढे आला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात एका शिकाररक्षकाने झाडोरा व माती काढून हा पट्टा पुष्कळसा मोकळा केला. पुढे रेमंड हेज आणि जेम्स रटर या दोघांनी जागोजाग खणून पाहिले व १९६४ साली आपला अहवाल छापला. त्यांच्याही मते रस्ता रोमनच होता. ब्रिटनमधील रोमन रस्त्यांची मोठी यादी १९५५ आणि १९५७ साली दोन खंडांत प्रसिद्ध करणारे इव्हान मार्गरी यांनी त्याला ८१ ब हा क्रमांक दिला. मार्गरी १९७६ साली वारले, पण रस्त्यांना त्यांनी दिलेले क्रमांक आजही अभ्यासक वापरतात.

या मताला आधार नव्हता असे नाही. जवळच कॉथॉर्न येथे रोमन सैन्याच्या छावण्यांचे तट आहेत. दक्षिणेस मॉल्टनला रोमनांचा किल्ला होता, उत्तरेस लीझ रिग येथे दुसरा. या ठाण्यांना जोडणारी रेघ काढली तर ती याच मुलखातून जाते. मग शंका कोठून आली? १९९० नंतरच्या काळात काही अभ्यासकांनी विचारले की, रोमन रस्त्यावर बारीक खडीचा थर असतो, तो इथे कुठे आहे? खडी पावसाने वाहून गेली व पायाचे मोठे दगड तेवढे उरले, हे उत्तर पटते का? की हा मुळी रस्ताच नसून, रोमनांच्या हजारो वर्षे आधी तिथे राहणाऱ्या लोकांनी आपल्या जमिनीची हद्द दाखवण्यासाठी घातलेला, आणि पुढे कोसळून पसरलेला दगडी बांध आहे? या प्रश्नाचा निकाल अजून लागलेला नाही.

रस्ता शोधतात कसा

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रोमन सैन्य इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरले आणि सन ४१० च्या सुमारास त्यांची सत्ता तेथून संपली. या पावणेचारशे वर्षांत त्यांनी हजारो मैलांचे रस्ते बांधले, पण त्यांचा पुरा नकाशा आपल्यापर्यंत पोचलेला नाही. प्रवासाच्या टप्प्यांची एक प्राचीन यादी उपलब्ध आहे, तीत ब्रिटनमधील १५ मार्ग दिले आहेत. गावांची नावे आणि दोन गावांमधील अंतर रोमन मैलांत, एवढेच तिच्यात सापडते. रोमन मैल म्हणजे सैनिकाची हजार दुहेरी पावले, आजच्या हिशेबाने दीड किलोमीटरला थोडा कमी. बाकी सर्व जमिनीवर शोधावे लागते.

जमिनीवर शोधायचे म्हणजे काय करायचे? रोमन मोजणीदार एका उंचवट्यावरून दुसरा उंचवटा हेरून त्या रेघेत रस्ता नेत. म्हणून रस्ता सरळ जातो आणि वळला तर बहुधा टेकडीच्या माथ्यावर वळतो. डोंगराचा चढ फार उभा असला की सरळपणाचा हट्ट सोडून ते नागमोडी वळणे घेत, उतारावर पायरीसारखी सपाटी खोदून काढीत. रस्ता मधोमध उंच असे, दोन्ही बाजूंना चर असत, आणि जवळपास दगडमाती काढलेले खळगे असत. हे सगळे दोन हजार वर्षांत झिजून गेले तरी जमिनीवर एखादी मंद लाट उरते. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरपे पडले की तिची सावली दिसते. कोरड्या उन्हाळ्यात पुरलेल्या दगडांवरचे गवत आधी पिवळे पडते आणि बुजलेल्या चरावरचे हिरवे राहते. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात ब्रिटनभर अशा रेघा विमानातून दिसल्या.

दुसरा साक्षीदार म्हणजे गावाच्या शिवा. पुष्कळ ठिकाणी दोन गावांची हद्द मैलन्‌मैल एका सरळ रेघेत जाते, कारण हद्द ठरली तेव्हा जुना रस्ता डोळ्यांसमोर होता. तिसरा साक्षीदार म्हणजे नावे. इंग्रजीतला ‘स्ट्रीट’ हा शब्दच लॅटिनमधून, फरसबंद वाट या अर्थाने आलेला आहे. आडरानात एखाद्या वाडीचे नाव ‘स्ट्रीट’ किंवा ‘स्ट्रेटन’ असले की शोधणाऱ्याचे कान टवकारतात. इंग्लंडच्या वायव्येस सरोवरांच्या प्रदेशात ८२८ मीटर उंचीचा एक डोंगर आहे, त्याचे नावच ‘हाय स्ट्रीट’. ब्रूम आणि अँबलसाइड येथील रोमन किल्ल्यांना जोडणारा रस्ता या डोंगराच्या पाठीवरून जात होता. खाली खोऱ्यात दाट जंगल आणि दलदल, वर मोकळी कणखर जमीन. म्हणून सैन्याने घाटमाथ्यावरची वाट धरली. सह्याद्रीत ज्यांचे पूर्वज वाढले त्यांना हा विचार समजावून सांगायला नको.

आकाशातून पाहणारा डोळा

गेल्या काही वर्षांत या कामाला एक नवे साधन मिळाले आहे. विमानातून जमिनीवर लेझर किरणांचे असंख्य ठोके मारायचे, ते परत यायला किती वेळ लागला हे मोजायचे, आणि त्यावरून जमिनीच्या उंचसखलपणाचे चित्र तयार करायचे. याला ‘लायडार’ म्हणतात. काही किरण पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतात, त्यामुळे गणितयंत्राने वरची झाडी पुसून टाकून खालची जमीन दाखवता येते. इंग्लंडमध्ये पुराचा धोका ओळखण्यासाठी सरकारी खात्याने ही मोजणी केली होती. २०१५ साली ती सर्वांना फुकट पाहू देण्यात आली.

त्याचे फळ लवकरच दिसले. लँकेशर प्रांतात एका निवृत्त रस्ते-अभियंत्याने चाळीसहून अधिक वर्षे रोमन रस्त्यांचा शोध चालवला होता. रिबचेस्टर आणि लँकेस्टर या दोन ठाण्यांमध्ये रस्ता असलाच पाहिजे अशी त्याची खात्री होती, पण त्याची रेघ जुळत नव्हती. लायडारची चित्रे हाती आल्यावर सुमारे ११ मैलांचा मार्ग टेकड्यांच्या पायथ्याने जाताना त्याला उलगडला. हा मनुष्य कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नव्हता. त्याने आयुष्यभर रस्ते बांधले होते, म्हणून रस्ते बांधणाऱ्याच्या डोक्याने विचार करणे त्याला साधले. आम्हाला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. विद्वानांनी अशा हौशी माणसांना दूर लोटले असते तर ब्रिटनच्या रोमन रस्त्यांचे निम्मे ज्ञान आज नसते.

परंतु यंत्र सर्व सांगते असे जो म्हणेल तो फसेल. यंत्र जमिनीचा आकार सांगते, वय सांगत नाही. तीच लाट जुन्या बांधाची असू शकते, तोच चर शेतातल्या पाण्याचा असू शकतो, तीच सपाटी घोड्यांच्या तांड्यांनी तीनशे वर्षांपूर्वी तुडवलेली असू शकते. ब्लॅकस्टोन एज नावाच्या डोंगरावर मध्ये दगडी खाच असलेला एक सुंदर फरसबंद रस्ता आहे. ब्रिटनमधला सर्वांत चांगला टिकलेला रोमन रस्ता म्हणून तो कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत दाखवला गेला. आज पुष्कळ अभ्यासकांचे मत असे की, तो १७३० नंतरच्या दशकातला, टोल भरून जायचा साधा गाडीरस्ता असावा. तेव्हा चित्र पाहिल्यावरही पायी जावे लागते, खणावे लागते, जुने कागद चाळावे लागतात, आणि तेथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावेही लागते.

‘बहुधा’ हा शब्द

आता आमचे मत. व्हीलडेलच्या रस्त्याविषयी ‘बहुधा’ हा शब्द लिहिणाऱ्यांनी फार मोठे काम केले आहे असे आम्ही मानतो. ‘रोमन’ या नावाला वजन आहे. त्या नावाने प्रवासी येतात, शाळेच्या सहली येतात, गावच्या खाणावळी चालतात. असे नाव हाती असताना आपणहून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह लावणे सोपे नसते.

काहीजण म्हणतील की, शंका काढून काय मिळवले? लोकांची श्रद्धा गेली, स्मारकाचा मान गेला. आम्हाला तसे वाटत नाही. रस्ता आजही संरक्षित आहे. लोक आजही तेथे जातात, आणि पूर्वी नुसते पाहून परतत होते ते आता विचार करीत परततात. शिवाय हा निव्वळ विद्वानांचा वाद नाही. समजा, तो बांध खरोखरच रोमनांच्या हजारो वर्षे आधीच्या लोकांनी घातलेला असेल, तर ‘रोमन’ या पाटीने त्या लोकांचे श्रम दुसऱ्याच्या खात्यावर जमा केले असे होईल. त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. ते दगड हीच त्यांची सही. ती सही पुसून तिथे नामांकित साम्राज्याचा शिक्का मारायचा, हा अन्याय आहे. आणि उलट, रस्ता रोमन सैनिकांनी थंडीवाऱ्यात बांधला असेल तर तो राक्षसाच्या नावावर लावणे हाही अन्यायच. दगड ज्याने लावले त्याला त्याचे श्रेय मिळावे, आणि तो कोण हे ठरत नसेल तर जागा रिकामी ठेवावी, पण भलत्याचे नाव घालू नये.

याचा अर्थ लोककथा टाकून द्यावी असा नव्हे. माळावरच्या त्या पट्ट्याची आठवण ड्रेकसाहेब येईपर्यंत कोणी जपली? मेंढपाळांनीच. राक्षसाच्या कथेने इतके तरी सांगितले की, हे दगड निसर्गाने पसरलेले नाहीत, कोणीतरी मुद्दाम लावलेले आहेत. कथा ही साक्षीदार आहे. तिचे म्हणणे लिहून घ्यावे. फक्त न्यायाधीशाच्या खुर्चीवर तिला बसवू नये.

नाणेघाटचा रांजण

ज्या काळात रोमन सैन्य ब्रिटनमध्ये रस्ते घालीत होते त्याच काळात रोमन साम्राज्याचा व्यापार आपल्या कोकणच्या बंदरांपर्यंत येत होता. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिकाने लिहिलेल्या समुद्रमार्गांच्या पुस्तकात कल्याण, पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे आहेत. त्या काळी कोकणातून देशावर चढण्याची एक मुख्य वाट नाणेघाटातून जुन्नरकडे जात होती. घाटाच्या तोंडाशी लेणे आहे, त्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्रसिद्ध शिलालेख आहे. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती तेथे होत्या. आज वर कोरलेली नावे आणि खाली पाय तेवढे उरले आहेत.

घाटात एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकीत, असे सांगतात. नाना आणि गुणा या दोघा भावांनी घाट फोडण्याची चढाओढ केली अशीही तेथे दंतकथा आहे. यॉर्कशरमध्ये वेड आणि बेल, सह्याद्रीत नाना आणि गुणा! माणूस इथून तिथून सारखाच. परंतु शिलालेख ही एक प्रकारची साक्ष आणि रांजणाची गोष्ट ही दुसऱ्या प्रकारची. शिलालेख वाचता येतो. रांजणात पैसे पडत होते हे ऐकीव आहे. मराठी माणसाने अभिमानाच्या भरात दोन्ही एकाच दमात, एकाच खात्रीने सांगू नयेत. ऐकीव गोष्ट ‘असे सांगतात’ म्हणून सांगितली तर तिची गोडी कमी होत नाही.

आपल्या बेटावरचे दगड

आता स्वतःच्या घराकडे वळू. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांच्या प्रचंड राशी आहेत. हे बेट ज्वालामुखीतून झालेले, जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड उपसायला हवेत. ते उपसले कोणी? आधी गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी व मादागास्करच्या माणसांनी, आणि १८३४ नंतर गिरमिटावर आलेल्या आपल्या पूर्वजांनी. सुमारे साडेचार लाख माणसे भारतातून या बेटावर उतरली. त्यांत मुंबई बंदरातून जहाजावर चढलेले आपले कोकणातले पणजोबा-खापरपणजोबाही होते. कोठीच्या मुकादमाच्या देखरेखीखाली त्यांनी हातांनी दगड वेचले, डोक्यावरून वाहिले आणि रचले. काही ठिकाणी या राशी पायऱ्यापायऱ्यांच्या, नीट बांधलेल्या आहेत. आग्नेयेकडे प्लेन मान्येन भागात अशा सात राशी आहेत.

मग काय झाले? काही परदेशी लोकांनी त्या पाहिल्या आणि जाहीर केले की, हे पिरॅमिड आहेत, कोण्या अज्ञात प्राचीन संस्कृतीने बांधलेले! या बेटावर डच लोक १५९८ साली उतरले आणि त्यांची वसाहत १६३८ पासून. त्यापूर्वी येथे माणसांची वस्ती असल्याचा पुरावा मिळालेला नाही. तरी गोष्ट छान आहे, सांगायला मजा येते, आणि प्रवाशांना आवडते. आमचे वाचकहो, इथे हसून सोडून देऊ नका. यॉर्कशरच्या वेड राक्षसाने कोणाचे श्रम गिळले ते कदाचित कधीच कळणार नाही. पण प्लेन मान्येनच्या पिरॅमिडांनी कोणाचे श्रम गिळले ते आपल्याला पक्के ठाऊक आहे. ते आपल्या घरातल्या माणसांचे होते. ज्यांच्या हाताला घट्टे पडले त्यांच्या ऐवजी अज्ञात संस्कृतीला हार घालणे हे त्यांच्या नातवंडापणतवंडांनी निमूट ऐकून घेऊ नये.

मात्र दुसऱ्याच्या गोष्टीला पुरावा मागणाऱ्याने स्वतःच्या गोष्टीलाही तोच पुरावा मागावा. आपल्यातील कित्येक घरांत सांगतात की, आमचा मूळ पुरुष अमक्या सरदाराच्या वंशातला, तमक्या किल्ल्यावरचा. असेल. नसेलही. मोका येथे महात्मा गांधी संस्थेत आप्रवाशांची जुनी कागदपत्रे जपलेली आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, वय, गाव, जहाज अशा नोंदी आहेत. १८६० नंतरच्या काळातील कित्येकांची छायाचित्रेही आहेत. कारकुनाने कानाला ऐकू आले तसे गावाचे नाव लिहिलेले असते, त्यामुळे ते ओळखायला कोकणचा नकाशा आणि धीर दोन्ही लागतात. पण ती नोंद हाच आपल्या घराचा मैलाचा दगड. त्यात सरदार निघाला नाही आणि रत्नागिरीकडचा साधा कुळवाडी निघाला, तर मान कशाला खाली घालायची? ज्याने समुद्र ओलांडला आणि पाच वर्षांचा करार निभावून घर उभे केले, त्याला उसन्या सरदारकीची गरज नाही.

एक सूचना

या बेटावरच्या जुन्या वाटाही पुसत चालल्या आहेत. आगगाडी १८६४ साली सुरू झाली. प्रवाशांची वाहतूक १९५६ मध्ये थांबली आणि १९६४ मध्ये सारी रेल्वेच बंद झाली. रूळ गेले, पण ‘गार’ हा शब्द राहिला. आज आपण बसच्या अड्ड्याला गार म्हणतो. अगदी इंग्लंडमधल्या ‘स्ट्रीट’ नावाच्या वाडीसारखे! २०१९ साली धावू लागलेली आणि २०२२ मध्ये क्युरपिपपर्यंत पोचलेली मेट्रो बहुतांशी त्या जुन्या रेल्वेच्याच पट्ट्यावरून जाते. जुना मार्ग नव्याला असा हात देतो. पण कोठीपासून बैठकीपर्यंतची, कँपपासून नदीवरच्या धोबीदगडापर्यंतची, एका मराठी वस्तीपासून दुसरीपर्यंत गणपतीत झाकरी घेऊन जाण्याची जी पायवाट होती, तिला ना रूळ होते ना सरकारी नकाशा. ती ज्यांच्या पायांना ठाऊक आहे ती माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये संशोधकांनी सबंध रोमन साम्राज्याच्या रस्त्यांचा नवा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २ लाख ९९ हजार किलोमीटर रस्ते आहेत, पूर्वीच्या अंदाजापेक्षा एक लाखाहून अधिक. आणि त्याच संशोधकांनी त्याच नकाशात कबूल केले की, यांपैकी ज्यांची जागा निश्चितपणे ठाऊक आहे असे रस्ते तीन टक्क्यांहूनही कमी! बाकीच्यांची जागा अंदाजाने दाखवली आहे, आणि काही तर केवळ तर्काने. प्रत्येक रस्त्यापुढे त्याचा दर्जा लिहिला आहे. इतका मोठा नकाशा आणि इतका प्रामाणिकपणा, दोन्ही एकत्र राहू शकतात हे पाहून आम्हाला समाधान वाटले.

आमची सूचना अशी की, आपल्या गावोगावच्या मंडळांनी आणि बैठकांनी हेच लहान प्रमाणात करावे. एक वही घ्यावी व गावाचा मोठा नकाशा घ्यावा. शाळा-कॉलेजातील मुलांनी आजीआजोबांना बरोबर घेऊन, ज्यांना चालवत नाही त्यांना मोटारीत बसवून, जुन्या वाटा दाखवून घ्याव्यात. जी वाट स्वतः चालून पाहिली आणि जमिनीवर खूण सापडली ती अखंड रेघेने काढावी. जी जुन्या कागदात किंवा नकाशात आहे ती तुटक रेघेने. जी केवळ ऐकलेली आहे ती ठिपक्यांनी, आणि कोणी सांगितली त्याचे नाव शेजारी लिहावे. दगडाची रास दिसली तर ती कोणत्या कोठीची, कोणी रचली असे घरात सांगतात, तेही टिपावे. ठिपके पुष्कळ झाले तरी लाजू नये. आज ठिपक्यांनी काढलेली वाट उद्या एखादा कागद सापडून अखंड होईल. पण आज न काढलेली वाट उद्या कोणालाही काढता येणार नाही.

लँकेशरच्या त्या अभियंत्याला ११ मैलांसाठी चाळीस वर्षे लागली. आपले बेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम ४० मैल लांब आहे, आणि आपल्याजवळ अजून वाट दाखवणारी माणसे आहेत. गणेशचतुर्थीला घराघरांत सगळी मंडळी जमतातच. आरतीनंतर एक तास या कामाला दिला तर पुढच्या चतुर्थीपर्यंत पहिली वही भरलेली असेल.